वसुली अठ्ठ्याण्णव टक्के, मग तक्रार कसली?

सूक्ष्म कर्जाच्या कैवाऱ्यांचा हुकमी एक्का ठरलेला असतो. गरीब बाई कर्ज बुडवत नाही, शंभरातले अठ्ठ्याण्णव रुपये परत येतात, म्हणजे तिचं भलंच होतंय. पैसे परत आले, कबूल. पण आले कुठून? तारण नसतं, म्हणून कर्ज घेणाऱ्या पाचेक जणींचा गट करतात आणि गटातल्या बायकाच एकमेकींना जामीन. एकीचा हप्ता अडला की बाकीच्या चौघी तिच्या दारात उभ्या राहतात. मग डोरलं गहाण पडतं, नाहीतर दुसऱ्या फायनान्सचं कर्ज उचलून पहिल्याचा हप्ता भागतो. वहीत सगळं लख्ख! 2010 साली आंध्र प्रदेशात कर्जदारांच्या आत्महत्यांनी हाहाकार उडाला, त्याआधी तिथल्याही वह्या अशाच लख्ख होत्या.

अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी हैदराबादच्या 104 वस्त्यांत ही कर्जं तपासली. धंद्यात गुंतवणूक वाढली. घरखर्च, मुलांचं शिक्षण, घरात बाईच्या शब्दाला वजन, यांत मात्र म्हणावा असा फरक दिसला नाही.

‘मग बंदच करा,’ म्हणणारेही मला पटत नाहीत. त्या आत्महत्यांनंतर आंध्र सरकारने सूक्ष्म कर्जांना वेसण घालणारा वटहुकूम काढला, तेव्हा वसुली ठप्प झाली आणि नवं कर्जही आटलं. आजारपण, लग्न, बियाणं मात्र थांबत नाही. 1875 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला चिडलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. उसनवारीची गरज काही त्यात जळली नाही.

माझा आक्षेप आहे तो हप्त्याच्या घडणीवर. बाईने कर्जातून शेळी घेतली, तर ती गाभण राहून व्यायला पाच महिने. पहिला हप्ता मात्र त्याच्या कितीतरी आधी. तो शेळी देत नाही, नवऱ्याची मजुरी देते. त्यात रिझर्व्ह बँकेने 2022 मध्ये व्याजावरची कमाल मर्यादा काढली आणि कुटुंबाच्या उत्पन्नाच्या निम्म्यापर्यंत हप्ते चालतील असं ठरवलं. महिन्याला दहा हजार येणाऱ्या घरातून पाच हजार गेले, की उरलेल्यात किराणा, दवाखाना, शाळा कशी बसवायची, हे नियम लिहिणाऱ्यांनी एकदा करून दाखवावं.

कोलकात्यात एका प्रयोगात काही कर्जदार बायकांना पहिल्या हप्त्याआधी दोन आठवड्यांऐवजी दोन महिने दिले. त्यांनी धंद्यात जास्त पैसा घातला आणि तीनेक वर्षांनी त्यांचा नफाही जास्त निघाला. थकबाकीही वाढली, हे लपवायचं कारण नाही. ती थोडी थकबाकी सोसायला किती कंपन्या तयार आहेत, एवढंच मला त्या अठ्ठ्याण्णव टक्केवाल्यांना विचारायचं आहे.