रायरेश्वराला येताय? मग आधी हे वाचा

श्रावण सरत आला की माझा फोन पर्यटन खात्याचा होतो. "दादा, रायरेश्वरची फुलं कधी बघायला येऊ? गाडी वरपर्यंत जाते का? टेंट मिळतो का? ड्रोन चालतो का?" परवा एकाने तर कमाल केली. म्हणाला, "वर काही नाहीच ना, नुसतं मोकळं गवत आहे. मग कुणाला विचारायचं कशाला?"

या शेवटच्या वाक्यासाठी ही पोस्ट. लांब आहे. राग आला तरी पूर्ण वाचा.

वर काय आहे ते सांगतो. भोरच्या दक्षिणेला साडेचार हजार फुटांवर पसरलेलं हे पठार. एका कड्यावर उभं राहिलं की खाली सातारा जिल्ह्यातला वाई तालुका आणि धोमचं पाणी दिसतं. पश्चिमेच्या रांगा ओलांडल्या की महाड, म्हणजे रायगड जिल्हा. १६४५ साली महाराजांनी इथल्या महादेवापुढे स्वराज्याची शपथ घेतली, ही परंपरा आपल्याला पाठ आहे. पण त्या देवाची पूजा पिढ्यानपिढ्या करणारी जंगम मंडळी आजही वरच राहतात, हे किती जणांना माहीत आहे? त्यांची घरं आहेत, खाचरं आहेत, पोरांची शाळा आहे. लोखंडी शिडीने चढायचं आणि शिडीनेच उतरायचं. गॅसची टाकी, पत्रा, सिमेंटची गोणी, सगळं खांद्यावरून. काही वर्षांपूर्वी तर गड्यांनी ट्रॅक्टर खोलून, एकेक भाग वाहून वर नेला आणि तिथे जोडला. आजारी माणूसही याच वाटेने खाली आणायचा. याला तुम्ही "काही नाही" म्हणता?

आता त्या "नुसत्या गवता"बद्दल. सड्यावर कातळ वर आणि माती वीतभर, कुठे तेवढीही नाही. त्या मातीवर पावसाळ्यात फुलं येतात, थोडे आठवडे राहतात आणि बी टाकून जातात. माती पायाखाली घट्ट झाली की बी रुजत नाही. पाऊस ओसरला की गवत पिवळं पडतं. मग ते कापायचं, गंजी रचायची आणि उन्हाळाभर जनावरं त्यावर जगवायची. तुम्ही रीलसाठी ज्या गवतात लोळता, ते कुणाच्या तरी गाईचं चैत्रातलं पोट आहे. आणि वाळलेल्या गवतात एक सिगारेट किंवा एक न विझवलेली शेकोटी पडली की वणवा. तो विझवायला पुण्याहून कुणी येत नाही. वरचीच माणसं हिरव्या फांद्या घेऊन धावतात.

आता माझी चूक कबूल करतो. मीच एकदा व्हिडिओ केला होता, "पुण्याजवळचं दुसरं कास". लाइक भरपूर मिळाले. पुढच्या रविवारी पायथ्याला गाड्यांची रांग लागली. नंतर वर गेलो तेव्हा एक आजी म्हणाली, "तुमच्या बातमीनं माणसं लई आली बाबा, पण आमचं गवत निजलं." मी व्हिडिओ काढून टाकला. पण फोनोफोनी पसरलेली गोष्ट परत कुठे येते?

आणि दुसरं कास म्हणायचंच असेल तर कास नीट बघा. २०१२ साली जागतिक वारशात नाव आलं आणि गर्दी उसळली. मग तिथे शुल्क आलं, ऑनलाइन नोंदणी आली, दिवसाला तीन हजारांची मर्यादा आली, आसपासच्या गावांची समिती आली. तिथे चूकही झाली. कुंपण घातलं, चराई थांबली, गवत माजलं आणि फुलं कमी झाल्याची ओरड सुरू झाली. शेवटी कुंपण काढावं लागलं. म्हणजे गुरं आणि गुराखी माळाचे वैरी नाहीत. हे शिकायला आपल्याला पुन्हा तेवढी वर्षं घालवायची आहेत का?

आपल्या प्रशासनाला दोनच गोष्टी जमतात, दुर्लक्ष आणि बंदी. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाजवळ एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली, मग जिल्हाभर मनाईचे आदेश निघाले. पावसाळा संपला, विषय संपला. शेजारच्या वेल्ह्याची तीच कथा. २०२५ साली तालुक्याचं नाव राजगड झालं, आनंद आहे. पण मढे घाटात रविवारी उसळणाऱ्या गर्दीला शिस्त नव्या नावाने लागणार आहे का?

पुढाऱ्यांनाही सांगतो. वरच्या लोकांना वाट हवी, ती मागणी शंभर टक्के रास्त आहे. पेशंटसाठी, पोरांसाठी, मालासाठी आधी सोय करा. पण त्यांच्या नावाने रस्ता मागायचा आणि त्यावरून पर्यटकांच्या गाड्या पठारावर घालायच्या, हा डाव असेल तर तो आत्ताच उघडा पाडायला हवा. गाड्या पायथ्यालाच थांबाव्यात. रोज किती माणसं वर जाणार ते ग्रामसभेने ठरवावं. शुल्क ग्रामपंचायतीकडे जावं आणि हिशोब फळ्यावर लागावा.

आणि तुम्ही, येणारे. या, नक्की या. पण शनिवार-रविवार सोडून या. आदल्या दिवशी फोन करून वरच्या घरात जेवण सांगा, पिठलं-भाकरीला घासाघीस करू नका. पायवाट सोडू नका. गवतावर तंबू नको, शेकोटी नको, स्पीकर नको, ड्रोन नको. नेलेली प्रत्येक बाटली पाठीवर घेऊन उतरा, ट्रॅक्टर चढवणाऱ्यांच्या डोंगरावरून रिकामी बाटली उतरवणं जड नाही.

हे जमत नसेल तर घरी बसा, फुलांचे फोटो मी टाकतो. ठिकाण मात्र सांगणार नाही.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर खाली भांडा, मी आहेच. आणि भोर-वेल्ह्यातल्या मित्रांनो, येत्या ग्रामसभेत हा विषय कोण मांडणार, तेवढं कॉमेंटमध्ये लिहा.