लेप्टो पायातून येतो

पावसाळ्यात वस्तीत पाणी शिरले की 'पाणी उकळून प्या' असे जो तो सांगतो. सल्ला बरोबरच आहे. पण लेप्टोच्या बाबतीत तेवढ्यावर भागत नाही, असे आमचे म्हणणे आहे. हा जंतू बहुतेक वेळा पायाच्या कातडीतून शिरतो.

त्याचे अंगच तसे घडलेले आहे. लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा पिळदार जंतू. जाडी मिलिमीटरच्या सुमारे दहा हजाराव्या भागाएवढी. केसाच्या जाडीत असे शेकडो जंतू शेजारी शेजारी मावतील. पोहणाऱ्या बहुतेक जंतूंची शेपटी बाहेर असते. याच्या दोन शेपट्या, दोन टोकांना एकेक, बाहेरच्या आवरणाच्या आत दडलेल्या असतात. त्या प्रथिनांच्या बनलेल्या. त्या आतल्या आत फिरतात, त्याने टोकांना बाक येतो आणि सगळे अंग गिरमिटासारखे फिरत पुढे सरकते. घट्ट, बुळबुळीत पदार्थातूनही तो वाट काढतो. शास्त्रज्ञांनी या शेपट्यांतले एखादे प्रथिन बंद पाडून पाहिले, तेव्हा जंतू जगला, पण त्याला धड पोहता येईना, आणि प्रयोगातले प्राणीही आजारी पडेनात. म्हणजे त्याची सगळी ताकद त्या चालीत आहे.

उंदीर-घुशींच्या लघवीतून तो साचलेल्या पाण्यात येतो. पुढे चिखल्या, भेगा, खरचटलेली जागा त्याला पुरते. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली, ती अशीच.

अशा वेळी 'वस्तीतले लोकच घाणेरडे' म्हणणारे भेटतात. आम्हाला हे मान्य नाही. उंदीर न उचललेल्या कचऱ्यावर पोसतात, पाणी न उपसलेल्या नाल्यामुळे तुंबते. पावसाआधी नाला साफ व्हावा आणि त्यात उतरणाऱ्या प्रत्येक सफाई कामगाराच्या पायात गमबूट असावेत, ही मागणी आपण पालिकेकडे लेखी करावी. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये.

आणि घरी? पाण्यातून आल्यावर पाय साबणाने धुऊन कोरडे करावेत, जखम झाकावी. तीन दिवसांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळीविषयी विचारावे. मेडिकलमधून परस्पर गोळी घेऊ नये. गरोदर बाई आणि लहान मुले यांचे औषध वेगळे असते. ताप, पोटऱ्यांत कळा, लाल डोळे असतील तर डॉक्टरांना आधी हेच सांगावे, की आम्ही पुराच्या पाण्यातून चाललो होतो.