लाल डब्यातून हिरडस मावळ

बुद्धपौर्णिमेला आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाली, खीरदान आटोपले आणि माणसे पायरीवर गप्पांना बसली. एका तरुणाने थायलंडच्या सहलीचे पत्रक सर्वांना दाखविले. पत्रकाच्या तळाशी आकडा होता. तो वाचून बायांनी पत्रक काही न बोलता शेजारणीकडे सरकविले. पत्रक सगळ्या पायरीवरून फिरून पुन्हा त्या तरुणाच्या हातात आले.

आमच्या ऑफिसातले एक सहकारी त्या देशाच्या उत्तर भागात जाऊन आलेले आहेत. चियांग माई हे तिकडचे डोंगराळ मुलखातले जुने शहर, इ. स. १२९६ मध्ये वसविलेले. आपल्याकडच्या वडापच्या जीपगाड्यांसारख्या लाल गाड्या तिकडे चालतात. समोरासमोर दोन बाकडी, भरली की निघाली. त्यांना 'सोंगथिओ' म्हणतात. सहकारी अशाच गाड्यांतून आणि साध्या बसमधून डोंगरातली खेडी फिरले. पहाटे भिक्खू रांगेने भिक्षाटनाला निघतात आणि गरिबातली गरीब बाई दारात भात घेऊन उभी असते. डोई सुथेप नावाच्या डोंगरावरच्या विहाराला तीनशेवर पायऱ्या आहेत. हे सर्व त्यांनी सांगितले तेव्हा आमचे मन भरून आले होते, ते त्या रात्री पुन्हा आठवले.

आम्ही विहाराच्या पायरीवर म्हटले, "थायलंडला जाऊ तेव्हा जाऊ. पण साध्या गाडीने डोंगरातली खेडी पाहायची तर स्वारगेटला एस. टी. उभी आहे. भोर-वेल्हे कुणी पाहिले आहे का?"

कुणी पाहिले नव्हते. फक्त कोपऱ्यात बसलेल्या एक मावशी म्हणाल्या, "म्या पाह्यलंय. माझं सासर हुतं तितं. आता पाणी हाय."

मावशींचे वय ७६. नीरा नदीच्या खोऱ्यातले त्यांचे गाव नीरा-देवघर धरणात गेले. पाणी चढल्यावर त्या मुलाकडे पुण्यात आल्या, त्या पुन्हा तिकडे फिरकल्याच नाहीत. आम्ही म्हटले, मावशी, तुम्हीच आम्हाला रस्ता दाखवा. त्या आधी नाही म्हणाल्या. दोन दिवसांनी नातवाकडून निरोप आला की आजी येते म्हणते, पण खिडकीजवळची जागा पाहिजे.

असे आम्ही तेराजण निघालो. मावशी धरून सात बाया, दोन पुरुष, चार मुले. मुक्काम तीन दिवस, दोन रात्री. सोबत भाकरी, ठेचा, कांदे, चुरमुरे, गूळ-शेंगदाणे, आणि एका डब्यात डाळ-तांदूळ.

पहिल्या दिवशी सकाळी स्वारगेटहून भोरची गाडी धरली. कात्रज मागे पडले, कापूरहोळला गाडी हमरस्ता सोडून वळली आणि हवा बदलली. भोर हे पंतसचिवांच्या संस्थानाचे गाव. १९४८ साली संस्थान विलीन झाले, वाडा राहिला. सिनेमावाले तिथे चित्रीकरण करतात म्हणून मुलांना तो ओळखीचा वाटला. आम्ही तो बाहेरून पाहिला आणि स्टँडवर येऊन हिर्डोशीकडची गाडी विचारली.

भोरहून पश्चिमेला जाणारा हा रस्ता पुढे वरंधा घाटाने खाली महाडला उतरतो. हा हिरडस मावळ. घाटाचा रस्ता पावसाळ्यात बंद ठेवतात, म्हणून आमच्या लोकांनी इकडे यायचे तर पावसाळा टाळूनच यावे. आम्ही घाट उतरणार नव्हतो. निगुडघर सोडले आणि डाव्या हाताला धरणाचे पाणी दिसू लागले. मे महिना, पाणी बरेच खाली गेलेले. काठावर लाल-पिवळ्या चिखलाचे पट्टे उघडे पडलेले.

गाडीत तोपर्यंत सतत बोलणाऱ्या मावशी गप्प झाल्या. मग एकदम म्हणाल्या, "हितं उतरवा."

कंडक्टर म्हणाले, इथे थांबा नाही. मावशी म्हणाल्या, "थांबा हुता. पाण्याखाली गेला." कंडक्टरांनी घंटी मारली. त्या भल्या माणसाचे आम्ही आभार मानतो.

रस्त्यावरून पायवाटेने खाली उतरलो. मुलांना पाण्यात पाय घालायचा नाही अशी ताकीद दिली, कारण धरणाच्या काठचा गाळ फसवा असतो. मावशी चिखलाच्या कडेला उभ्या राहिल्या. दूर एक दगडी चौथरा उघडा पडला होता. त्या म्हणाल्या, "त्यो देवळाचा." मग हात फिरवीत फिरवीत खाली आणला, "हितं गाव. हितनं वढा. वढ्याच्या खालल्या अंगाला आमचा वाडा. अकरा घरं."

नातवाने विचारले, "आजी, मग आपल्या घराचं जोतं कुठाय?"

"आपलं कुडाचं घर व्हतं बाबा. माती व्हती, माती झाली."

वाचकहो, आपणही दर उन्हाळ्यात वाचतो की भाटघर धरणाचे पाणी आटले आणि वेळवंड खोऱ्यातले कांबरेश्वराचे देऊळ उघडे पडले. माणसे ते पाहायला जातात, फोटो छापून येतात. दगड टिकतो, म्हणून देऊळ दरवर्षी वर येते. त्याच गावांच्या खालच्या अंगाचे महारवाडे, मांगवाडे मात्र कधीच वर येत नाहीत. त्यांचा फोटो कोण काढणार?

मावशींच्या घरची जमीन वतनाची. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले होते, ते याच गुलामीसाठी. पुढे कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा १९५८ साली झाला. जमिनी नावावर झाल्या, पण एका सातबाऱ्यावर सोळा-सोळा नावे. धरणाचा मोबदला आला तेव्हा तो सोळा ठिकाणी वाटला गेला. मावशींच्या वाट्याचे पैसे मुलीच्या लग्नात संपले. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही, हिशेब सांगावा तसे सांगितले.

मग त्या म्हणाल्या, "वढ्याला दोन पाणवठे व्हते. वरला गावाचा, खालला आमचा. वरल्याला हात लावला म्हून माझ्या सासऱ्याला चावडीम्होरं हुबं केलं व्हतं. आता बगा, दोन्ही येकाच पाण्याखाली." आणि त्या चिखलातून चार पावले पुढे गेल्या, एका दगडावर बसल्या, ओंजळ भरली आणि प्यायल्या. आमच्यातल्या एक ताई ओरडल्या, "मावशी, गाळाचं पाणी आहे, बाधेल!" मावशी म्हणाल्या, "लई वर्सं खाललं प्यालो. आज मधलं प्याले."

आम्हाला काही बोलायला सुचेना. समोरच्या डोंगराच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी महाड आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते त्या बाजूला. आणि या बाजूला, त्याच दशकात, वेळवंडी नदीवर भाटघरचे प्रचंड नवे धरण उभे राहत होते. त्याचे पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती आणि फलटणकडच्या शेतांना गेले. म्हणजे एका डोंगराच्या एका अंगाला कोसच्या कोस पाणी नेण्याची विद्या आली होती आणि दुसऱ्या अंगाला माणसाला तळ्याचे पाणी शिवू देत नव्हते. पाण्याची कमतरता कधीच नव्हती, मनाची होती. मुलांना चवदार तळ्याचा धडा वर्गात पाठ होतो. आम्हाला वाटते, त्या काठावर त्यांना तो समजला.

आमच्यासोबत दहावीला बसलेली एक मुलगी होती. तिने पिशवीतून खर्चाची वही काढली, मागचे पान उघडले आणि मावशींना विचारले, "अकरा घरं कुणाकुणाची?" मावशी सांगत गेल्या, ती लिहीत गेली. पहिले घर कुणाचे, कोण गिरणीत होते, कोण पलटणीत होते, कोणाच्या ओसरीवर बाबासाहेबांचा फोटो पहिल्यांदा लागला, दीक्षा घेतल्यावर देव्हारे कुणी आधी वढ्यात सोडले. परतीची गाडी येईपर्यंत चार पाने भरली.

रात्री भोरजवळच्या एका गावच्या समाजमंदिरात उतरलो. तिथल्या बंधूंनी चूल आणि पाणी दिले, आम्ही खिचडी टाकली. जेवणाआधी त्रिशरण-पंचशील झाले. त्या गावच्या दोन म्हाताऱ्या मावशींच्या माहेरच्या ओळखीच्या निघाल्या. मग रात्री झोप कुणाला?

दुसऱ्या दिवशी भोरहून शिरवळ. हे सातारा जिल्ह्यात, खंडाळा तालुक्यात येते, पण भोरकडून सोयीचे. शिरवळजवळ डोंगराच्या कुशीत बौद्ध लेणी आहेत. फाट्यावर उतरून चालावे लागते, म्हणून सकाळी लवकर निघावे आणि पाणी सोबत घ्यावे. अजिंठा-कार्ल्याची शोभा तिथे नाही. एक लहानसे चैत्यगृह, त्यात साधा दगडी स्तूप, आणि भिक्खूंच्या राहण्याच्या खोल्या. मूर्ती नाही, नक्षी नाही. जुन्या थेरवादी काळाची ही साधी कामे, सुमारे दोन हजार वर्षांची. कोकणातून घाट चढून येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वाटांवर अशी विश्रांतीची, धम्मश्रवणाची ठिकाणे कोरली जात. महाडजवळ गांधारपाले, घाटावर शिरवळ, वाईजवळ लोहारे अशी ही लेणी पाहिली की जुन्या वाटा डोळ्यांसमोर येतात. काल ज्या खोऱ्यातून आम्ही एस. टी.ने गेलो, त्या बाजूने भिक्खू पायी आले-गेले असतील.

पण तिथे जायचा रस्ता विचारताना 'बौद्ध लेणी' म्हणून कुणाला कळेना. 'पांडवदरा' म्हटल्यावर लगेच बोट दाखविले. पांडवांनी एका रात्रीत कोरले म्हणे! मुले हसली. आम्हाला हसू आले नाही. तिकडे चियांग माईला खेड्यातले पोरही सांगते की हा विहार बुद्धाचा. इकडे दगड टिकला आणि नाव गेले. काल धरणावर मातीची घरे गेली होती, तरी नावे मावशींच्या तोंडी शिल्लक होती. नाव टिकायला दगड पुरत नाही. ते सांगणारे माणूस लागते आणि लिहून घेणारे दुसरे.

स्तूपाला वंदन करून आम्ही थोडा वेळ शांत बसलो. मावशी म्हणाल्या, "हितं गार हाय. ह्यांनी पाण्याची सोय बगूनच जागा धरली आसंल." त्यांचे खरे आहे. बहुतेक लेण्यांजवळ पाण्याची टाकी असतात. कुणी किती शिकले यावर शहाणपण ठरत नाही.

तिसऱ्या दिवशी भोर सोडले. नसरापूर फाट्यावर, म्हणजे चेलाडीला, गाडी बदलून वेल्ह्याला गेलो. या तालुक्याचे नाव २०२५ मध्ये राजगड झाले, पण गाडीत सगळे वेल्हेच म्हणत होते. मार्गासनी आले की डाव्या हाताला राजगड दिसतो. रायगडाआधी सुमारे पंचवीस वर्षे शिवरायांची राजधानी इथे होती, आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलेल्या बारा किल्ल्यांत हाही आहे. पुढे वेल्ह्याच्या डोक्यावर तोरणा. वयस्कर बाया सोबत असल्याने आम्ही गड चढलो नाही. पण खाली बसून मुलांना एक गोष्ट सांगितली. गडाच्या तटावर जसे पहारे असत तसे गडाच्या घेऱ्यात, जंगलात, रामोशी, महार, मांग, बेरड यांच्या चौक्या असत. शत्रू आधी यांना भेटे. गडाचे दरवाजे पाहताना या खालच्या चौक्यांचीही आठवण ठेवा.

संध्याकाळच्या गाडीने पुण्यात परतलो. आता हिशेब. आम्ही बी.कॉम. झालेले कारकून, हिशेब दिल्याशिवाय आम्हाला झोप येत नाही. बायांना एस. टी.त मार्च २०२३ पासून अर्धे तिकीट आहे. पंचाहत्तरीच्या पुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत, म्हणून मावशींचे तिकीट शून्य. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना अर्धे. आधारकार्ड मात्र सोबत ठेवावे. शिधा, चहा, समाजमंदिराच्या पेटीतले दान धरून खर्च माणशी सरासरी पाचशेच्या आतबाहेर झाला. खेड्यांतल्या गाड्या दिवसातून मोजक्याच असतात, म्हणून जातानाच कंडक्टरला परतीची शेवटची गाडी विचारून ठेवावी. हॉटेलवर विसंबू नये.

वाचक बंधू-भगिनींनो, थायलंडला जरूर जा. बाबासाहेब स्वतः कोलंबो, रंगून, काठमांडूला बौद्ध परिषदांना गेले, जगातला धम्म त्यांनी डोळ्यांनी पाहिला. आमच्या विहारातही आता महिना शंभर रुपयांची भिशी सुरू झाली आहे. पण त्याआधी या सुट्टीत एक करा. तुमच्या घरात, चाळीत, गल्लीत एखादी आजी असेल, जिचे गाव धरणात, कारखान्यात किंवा दुष्काळात सुटले. तिला खिडकीजवळची जागा द्या. मुलांच्या हातात वही द्या.

मावशींची ती चार पाने आम्ही विहाराच्या कपाटात ठेवायला मागितली. मावशी म्हणाल्या, "आदी मला वाचून दाव." त्या मुलीने अकरा घरे वाचून दाखविली. मावशी बोटांवर मोजत होत्या. शेवटी म्हणाल्या, "नवव्या घरात धाकल्या सुनेचं नाव ऱ्हायलं, ते घाल." मुलीने ते घातले, आणि मग वही कपाटात गेली.

जयभीम.