गोलकीपरचे भाव हवेत ठरवणाऱ्यांना जाहीर इशारा

एनएचएल, म्हणजे उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग. तिच्यातल्या गोलकीपरांच्या अदलाबदलीवर बोलणाऱ्या, लिहिणाऱ्या आणि हिरिरीने भांडणाऱ्या सर्वांना या सदरातून इशारा देण्यात येत आहे. 'आमचा गोलकीपर घ्या, बदल्यात पहिल्या फेरीचे दोन ड्राफ्ट पिक (नवोदित खेळाडू निवडण्याचे हक्क) आणि वर एक होतकरू सेंटर द्या' असले सौदे यापुढे ऐकून घेतले जाणार नाहीत. बाजारात तुरी नि भट भटणीला मारी, हा प्रकार पुष्कळ झाला.

गोलकीपर किती चांगला आहे आणि तो केवढ्याला जाईल, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सामन्यात संघ बारा फॉरवर्ड आणि सहा बचावपटू उतरवतो, त्यामुळे चांगल्या फॉरवर्डला कुठेही जागा करता येते. जाळी मात्र एकच असते. लीगमधल्या ३२ संघांपैकी बहुतेकांचा पहिल्या क्रमांकाचा गोलकीपर ठरलेला असतो. उरलेल्या मोजक्या गिऱ्हाइकांतही सॅलरी कॅपमध्ये, म्हणजे पगारखर्चाच्या मर्यादेत, जागा असलेला एखादाच सापडतो, आणि आपण अडलो नाही हे त्याला पक्के ठाऊक असते.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी २०२१ चा उन्हाळा आठवावा. मार्क-आंद्रे फ्लुरीने सर्वोत्तम गोलकीपरची व्हेझिना ट्रॉफी जिंकली आणि महिन्याभरात व्हेगसने त्याला शिकागोला देऊन टाकले. बदल्यात आला खालच्या लीगमधला एक खेळाडू. फ्लुरीचे वय ३६, पगार वर्षाला ७० लाख डॉलर, आणि व्हेगसला कॅपमध्ये जागा हवी होती. त्याच व्हेगसने पुढच्या वर्षी सॅन होजेकडून एडिन हिलला चौथ्या फेरीच्या एका पिकवर उचलले. २०२३ च्या जूनमध्ये त्यांनी लीगचे अजिंक्यपद, म्हणजे स्टॅनली कप, जिंकला तेव्हा जाळीत हिल उभा होता. असे असताना पहिल्या फेरीचे पिक कोणत्या तोंडाने मागता?

पण 'मग गोलकीपर फुकापासरी विकून टाका' असा अर्थ कोणी काढणार असेल, तर त्यालाही तेवढ्याच कडक शब्दांत बजावतो. शिकागोने १९९२ मध्ये डोमिनिक हाशेकला एक दुय्यम गोलकीपर आणि चौथ्या फेरीचा पिक एवढ्यावर बफेलोला दिले. पुढे हाशेकने सहा व्हेझिना आणि लीगमधल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूची हार्ट ट्रॉफी दोनदा जिंकली. २००६ मध्ये टोरांटोने रेक्रॉफ्ट या गोलकीपरसाठी टूका रास्क बॉस्टनला देऊन टाकला. रेक्रॉफ्टला दोन हंगामांत निरोप मिळाला, तर रास्कने २०१४ ची व्हेझिना नेली. फिलाडेल्फियाने २०१२ मध्ये सर्गेई बोब्रोव्स्कीला दुसऱ्या फेरीचा एक आणि चौथ्या फेरीचे दोन पिक घेऊन सोडले, आणि लगेचच्या हंगामात तो सर्वोत्तम ठरला.

रागाच्या भरात विकणाऱ्यांनी मॉन्ट्रियलकडे पाहावे. २ डिसेंबर १९९५ ला डेट्रॉइटने त्यांचा ११-१ असा धुव्वा उडवला. नऊ गोल होईपर्यंत जाळीत उभे ठेवलेल्या पॅट्रिक रुआने, हा आपला इथला शेवटचा सामना, असे थेट क्लबच्या अध्यक्षांना सुनावले. चार दिवसांत त्याची रवानगी कोलोराडोला झाली आणि त्याच हंगामाअखेर कोलोराडोने कप उचलला. विकणारा घाईत आहे हे एकदा कळले की भाव पाडायला वेगळी अक्कल लागत नाही.

लांबलचक करारांवर भाळणाऱ्यांसाठी न्यूयॉर्क आयलंडर्सचा दाखला पुरे. २००० मध्ये त्यांनी गोलकीपर रॉबर्टो लुआंगोला फ्लोरिडाला दिले आणि त्याच्या जागी रिक डिपिएट्रोला ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतले. २००६ मध्ये डिपिएट्रोशी १५ वर्षांचा, ६ कोटी ७५ लाख डॉलरचा करार केला. दुखापतींनी डिपिएट्रो संपला, २०१३ मध्ये करार मोडावा लागला, आणि भरपाईचे हप्ते २०२९ पर्यंत चालणार आहेत.

तेव्हा येत्या मार्चमधल्या ट्रेड डेडलाइनपर्यंत, म्हणजे हंगामातल्या अदलाबदलीच्या शेवटच्या दिवसापर्यंत, मुदत देत आहोत. गोलकीपरचा भाव सांगायचा असेल, तर पुढच्या अटी पाळाव्या लागतील.

पहिली अट: नावाबरोबर करारही सांगा. पगार किती, वर्षे किती उरली, आणि कोणत्या संघांत जायला नकार देण्याचा हक्क त्याच्याकडे आहे.

दुसरी: किमान तीन हंगामांचे आकडे आणा. हजार शॉटमागे ०.९१० आणि ०.९२० या सेव्ह पर्सेंटेजमधले (अडवलेल्या शॉटच्या प्रमाणातले) अंतर दहा गोलांचे असते. एवढा फरक नशिबाने आणि समोरच्या बचावफळीच्या कृपेनेही पडतो. प्लेऑफमधल्या दोन गरम आठवड्यांवर भाव ठरवणाऱ्याला दारातूनच परत पाठवले जाईल.

तिसरी: गिऱ्हाइकाचे नाव सांगा. कोणत्या संघाची जाळी रिकामी आहे, त्याच्या कॅपमध्ये जागा आहे का, आणि तो बदल्यात काय देऊ शकतो. २०२४ मध्ये बॉस्टनने लिनस उलमार्क ओटावाला दिला तेव्हा पहिल्या फेरीचा पिक मिळाला खरा, पण त्याबरोबर ओटावाचा गोलकीपर कोर्पिसालो याचा लांबलचक करारही गळ्यात घ्यावा लागला. पिक तेवढा मिरवायचा आणि करार लपवायचा, ही लबाडी चालणार नाही.

जनरल मॅनेजरांनाही यातून सूट नाही. डेडलाइनच्या दिवशी झालेला प्रत्येक गोलकीपरचा सौदा, कोणी काय दिले आणि काय घेतले यासकट, या सदरात नावानिशी छापला जाईल आणि तीन वर्षांनी पुन्हा तपासला जाईल. अटी न पाळता भाव सांगणाऱ्यांच्या मताला डेडलाइननंतर इथे एका ओळीचीही जागा मिळणार नाही. मुदत वाढवून मागू नये.