चिठ्ठी कातड्याबरोबर चालू द्या

कोलकात्याजवळच्या बंतालाहून जिलेटीनसाठी चुनवलेली कात्रणे आणि स्प्लिट मागवणाऱ्या वाचकांची तक्रार या महिन्यातही तीच आहे. मलेशिया-इंडोनेशियाचा खरेदीदार जिलेटीनचा ब्लूम (जेलची ताकद) विचारण्याआधी जनावर कुठे आणि कोणी कापले ते विचारतो, आणि आपल्याकडे दाखवायला कागद नसतो.

तो कागद कत्तलखान्याच्या दारातच संपतो. ऑक्टोबर २०२४ पासून १५ देशांना हलाल म्हणून पाठवायच्या मांसाला भारतीय गुणवत्ता परिषदेच्या आय-कॅस योजनेचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. त्याच जनावराचे कातडे मात्र मीठ लावून दलालाकडे जाते, परप्रांतातल्या मालात मिसळते आणि चुन्याच्या हौदात उतरते. कात्रणे निघतात तेव्हा सगळ्यांचा एकच ढीग असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६च्या प्रदूषणविषयक निकालाने कोलकात्यातल्या टांगरा, तिलजला, तोपसियातले चामड्याचे कारखाने हलले, बंतालात सांडपाण्याची सामाईक व्यवस्था आली. पण कातडे कोणत्या जनावराचे, हे लिहून ठेवायला कोणी सांगितले नाही. अधिकाऱ्यांना विचारावे तर उत्तर ठरलेले: मांस निर्यात-वर्गीकरणाच्या दुसऱ्या प्रकरणात, जिलेटीन ३५०३ मध्ये, हा आमचा विषय नाही. मग कोणाचा?

हाडांची गोष्ट याहून बिकट आहे. हाडांच्या गिरणीत न कापता आपोआप मेलेल्या जनावरांची हाडेही येतात. हनफी मताने मेलेल्या जनावराचे कोरडे हाड शुद्ध आहे. शाफई मताने नाही, आणि मलेशिया-इंडोनेशियात शाफई मत चालते. म्हणजे इथल्या एखाद्या संस्थेने दिलेले प्रमाणपत्र तिथल्या बंदरावर कुचकामी ठरू शकते. आम्लात खनिजे काढली, चुन्यात आठवडेच्या आठवडे ठेवले, म्हणजे पदार्थच बदलला, असे इस्तिहालाच्या (मूळ पदार्थाच्या पूर्ण रूपांतराच्या तत्त्वाच्या) आधारे मानणारे विद्वान आहेत. पण खरेदीदाराला ते पटत नसेल तर त्या युक्तिवादावर निर्यात होत नाही. हलालचा तपासनीस मात्र आपल्या कारखान्यात येऊन फिल्टर, आयन-एक्स्चेंज आणि लाइन धुतल्याच्या नोंदी बघून जातो. जे ठरायचे ते एक्स्ट्रॅक्शनच्या कितीतरी आधी ठरलेले असते.

आणि दोष एकट्या सरकारचा नाही. किलोमागे दोन पैसे वाचतात म्हणून आपल्यातलेच काही कारखानदार बिनचिठ्ठीचा माल हलालच्या लॉटमध्ये ढकलतात. असा एक लॉट परत आला की संशय सगळ्या भारतीय मालावर येतो, आणि सचोटीने धंदा करणाऱ्याचेही पैसे अडकतात. हे आता थांबवा!

पुढच्या खरेदीपत्रात पहिल्याच ओळीत अट घाला: कत्तलखान्याचे नाव, कापल्याची तारीख, पशुवैद्यकाच्या शिक्क्याची नक्कल प्रत्येक लॉटबरोबर हवी, चुनवणीचा हौद वेगळा हवा, वेट ब्ल्यूचा (क्रोमने कमावलेल्या कातड्याचा) एक तुकडाही नको. त्यासाठी थोडा जास्त दर द्यावा लागला तर द्या. बंतालाचे किंवा मुंबईतल्या देवनारचे जे व्यापारी ही अट मान्य करतील त्यांची नावे, त्यांच्या संमतीने, आम्हाला कळवा. पुढच्या अंकात यादी छापू.