खिडकी पाच मिनिटं बंद राहील

आमच्या ई-सेवा केंद्राच्या काउंटरवर गेल्या सोमवारपासून एक पाटी लावली आहे. "दर तासाला पाच मिनिटं काम बंद राहील. डोळ्यांना विश्रांती."

पहिल्याच दिवशी तीन जणांनी त्यावरून ऐकवलं. एक काका म्हणाले, "आता डोळ्यांनाही सुट्टी लागते का? आम्ही दिवसभर रानात उन्हात असतो, आमचे नाही दुखत कधी." एकाने पाटीचा फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला, खाली हसणारे चेहरे. चालायचंच. पण पाटी का लावली ते एकदा नीट सांगावं म्हणून हे लिहितोय. पोस्ट मोठी आहे.

मी बारा वर्षं हे केंद्र चालवतो. माझ्याकडे दोन मुली कामाला आहेत. जून आला की काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, डोमिसाइल. जुलैत पीक विमा. दिवसा सर्व्हर हलत नाही, रात्री अकरानंतर पळायला लागतो. मग आम्ही दिवसा कागद घेतो आणि रात्री अर्ज भरतो. सकाळी साडेनऊपासून रात्री बारापर्यंत नजर स्क्रीनवर.

मागच्या जूनमध्ये दोघींपैकी एक म्हणाली, "दादा, संध्याकाळी अक्षरं दोन-दोन दिसतात. डोळ्यांत खडे गेल्यासारखं होतं." मी काय म्हणालो? "मोबाईल कमी बघ." खोटं कशाला बोलू, हेच म्हणालो. बाहेर रांग होती.

तिने मग मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय ड्रॉप आणले. टाकले की दोन तास बरं वाटायचं, म्हणून रोज टाकायला लागली. महिन्याभराने एका मुलाच्या अर्जात तिने ३ च्या जागी ८ टाकला. अर्ज परत आला, दुरुस्तीत आठवडा गेला. प्रवेशाची शेवटची तारीख पुढे ढकलली गेली म्हणून तो मुलगा वाचला, आमच्या कर्तबगारीने नव्हे. मी तिला सगळ्यांसमोर बोललो. ती काही बोलली नाही, रडली. दुसऱ्या दिवशी मी तिला जिल्ह्याच्या गावी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. ते महिनाभर आधी करायला हवं होतं.

तपासणीत थोडा सिलिंडरचा नंबर निघाला, डोळे कोरडे पडलेले, आणि त्या ड्रॉपमध्ये स्टेरॉइड होतं. डॉक्टर मॅडम त्यावरच जास्त चिडल्या. स्टेरॉइडचे ड्रॉप देखरेखीशिवाय बरेच दिवस टाकले तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. तिचा दाब ठीक निघाला. पण हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात अशी बाटली असेल तर आजच डॉक्टरांना दाखवा.

आता काकांच्या प्रश्नाचं उत्तर. काका, तुमचे डोळे रानात का दुखत नाहीत? कारण तुम्ही लांब बघता. बांध, झाड, आभाळ. लांब बघताना डोळ्यातला छोटा स्नायू सैल असतो. जवळचं बघायचं म्हटलं की तो आवळावा लागतो. दोन लिटरची कळशी हातात धरणं काही जड नाही, पण ती आठ तास खाली ठेवायचीच नाही म्हटलं तर? आमचं तसं होतं. शिवाय माणूस एरवी मिनिटाला पंधरा-वीस वेळा पापणी मिटतो, स्क्रीनकडे टक लावली की ते निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं. पापणी मिटली नाही की डोळ्यावरचा ओलावा सुकतो. खडे गेल्यासारखं वाटतं ते म्हणून.

त्यात आपली लिपी. इंग्रजीत अक्षर चुकलं तर डोळ्याला खटकतं. मराठीत अनुस्वार, रफार, ह्रस्व-दीर्घ, सगळं टाचणीच्या टोकाएवढं. आधारवर "पाटील" आणि दाखल्यावर "पाटिल" झालं की तुम्हीच आमच्याशी भांडायला येता, आणि बरोबरच येता. ती वेलांटी शोधायला आम्ही स्क्रीनला नाक लावून बसतो.

डॉक्टरांकडून आल्यावर दुकानात काय बदललं ते थोडक्यात सांगतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. स्क्रीनवर शटरचं ऊन पडायचं, म्हणून टेबल आडवं फिरवलं. स्क्रीन हातभर लांब आणि वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली. पंख्याचा झोत थेट तोंडावर होता, तो वळवला. कंट्रोल आणि प्लस दाबून अक्षरं मोठी केली. मला चाळिशी लागून चार वर्षं झाली. माझ्या चष्म्यात जवळचा नंबर खाली, म्हणून मी हनुवटी वर करून स्क्रीन बघायचो आणि मान धरली की उशीला दोष द्यायचो. फक्त स्क्रीनच्या अंतराचा वेगळा चष्मा करून घेतला.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांचंही सांगतो, कारण मी दोघींसाठी दोन विकत घेऊन बसलो होतो. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने १७ चाचण्या एकत्र तपासल्या, आणि अशा काचांमुळे डोळ्यांचा थकवा साध्या काचांपेक्षा कमी होतो असं थोड्या काळाच्या वापरात तरी दिसलं नाही. पैसे गेले. तेवढ्यात डॉक्टरांची तपासणी झाली असती.

पण ही सगळी दुरुस्ती अर्धी. उरलेली अर्धी म्हणजे उठणं. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फूट लांब बघा, हा नियम सगळ्यांना पाठ आहे. आमचं दुकान दहा फूट खोल आहे. वीस फूट बघायचं तर रस्त्यापलीकडच्या टपरीची पाटी बघावी लागते, आणि मध्ये तुमची रांग उभी असते. रांगेतल्या माणसाला वाटतं, ही बाई आपलं काम सोडून बाहेर काय बघत बसलीय? ती लगेच मान खाली घालते. मुलीला नियम माहीत होता. पाळायची सोय नव्हती.

म्हणून मला हे सगळे "डोळ्यांची काळजी घ्या"वाले सल्ले आता अपुरे वाटतात. ज्याच्या हातात स्वतःचा वेळ आहे त्याने ते पाळावेत. जिचा वेळ मालकाच्या, रांगेच्या आणि सर्व्हरच्या हातात आहे तिने काय करायचं? विश्रांती हा कामाचाच भाग ठरला पाहिजे. ती परवानगी मागून घ्यायची गोष्ट राहिली तर कुणी मागणार नाही. मी मालक आहे, मला माहीत आहे.

हे काही नवीन खूळ नाही. युरोपात १९९० मध्येच याबद्दल निर्देश निघाला. स्क्रीनवरचं काम मधूनमधून थांबलं पाहिजे किंवा बदललं पाहिजे, अशी आखणी मालकाने करायची. काम सुरू करण्यापूर्वी आणि नंतर ठराविक काळाने डोळे तपासून घ्यायचा कामगाराला हक्क, आणि त्या कामासाठी खास चष्मा लागला तर त्याचा खर्च कामगारावर नाही. ब्रिटनने १९९२ मध्ये त्यावर नियम केले.

आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्यात डोळ्यांच्या संरक्षणाचं कलम ३५ होतं, पण ते उडणाऱ्या कणांसाठी आणि प्रखर प्रकाशासाठी. वेल्डिंगवाल्याला गॉगल. तेव्हा संगणक कुठे होते? राज्याचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा घ्या, त्यातले कामाच्या तासांचे नियम ठरावीक संख्येइतकी किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणांसाठी. तालुक्यातली केंद्रं, झेरॉक्सवाले, टॅक्सवाल्यांची ऑफिसं बहुतेक त्याच्या बाहेर. आणि तिथेही सुट्टी म्हणजे काही तास सलग कामानंतर अर्धा तास. डबा खायची.

केरळात कापडदुकानांतल्या बायका दिवसभर उभ्या असायच्या. त्यांनी भांडून २०१८ मध्ये कायद्यात बसायची सोय करून घेतली, २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तसं केलं. तेव्हाही कुणीतरी हसलं असेलच की. त्यांना बसायचा हक्क हवा होता, आम्हाला उठायचा हवा आहे.

सरकारकडेही मागणं आहे, आणि ते फार खर्चाचं नाही. पोर्टलवरची फिकट राखाडी बारीक अक्षरं काळी आणि मोठी करा. अक्षरं मोठी केली की "पुढे जा"चं बटण स्क्रीनबाहेर जातं, ते जाऊ देऊ नका. अर्धा भरलेला अर्ज आपोआप जतन होऊ द्या. आज पाच मिनिटं उठलं की "सत्र संपले" येतं आणि सगळं पहिल्यापासून. म्हणजे माणसाला खुर्चीला बांधून ठेवणारी दोरी पोर्टलमध्येच आहे. आणि दिवसा सर्व्हर चालला तर रात्री बारापर्यंत कुणाला बसावं लागणार नाही.

तुमच्याकडेही मागतो. दाखला लागणार हे वर्षभर आधी माहीत असतं, मेमध्ये या. शेवटच्या तारखेला येऊन "ताई, जरा पटापट" म्हणू नका. पतसंस्थेत, बँकेत, शाळेच्या ऑफिसात, तलाठ्याकडे कुणी स्क्रीनवरून मान वर करून दारातून बाहेर बघत असेल तर लगेच कामचुकार म्हणू नका. आणि माझ्यासारखे जे मालक आहेत त्यांना एवढंच सांगतो, पाच मिनिटं म्हणजे रिकामं बसणं नव्हे. आमच्याकडे त्या वेळात फाइली लागतात, झेरॉक्स होते, पाणी पिऊन होतं. आठवडाभरात अर्ज कमी झालेले नाहीत.

काका, तुमचा सातबाऱ्याचा कागद तयार आहे, घेऊन जा. आलात आणि खिडकी बंद दिसली तर मी बाहेर रस्त्यावर उभा असेन. तिथेच बोलू.