हंगाम बुडाला, हप्ता कायम

सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यावर अतिवृष्टी कोसळली. जायकवाडीतून सोडलेल्या पाण्याने गोदावरी पात्राबाहेर आली आणि काठावरची उभी पिके गेली. ऑक्टोबरात राज्य शासनाने बाधित तालुक्यांत सहकारी कर्जाच्या पुनर्गठनाची आणि शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगितीची सवलत जाहीर केली. ते योग्यच झाले. पण घनसावंगी तालुक्यातल्या कुंभार पिंपळगावसारख्या बाजारपेठेच्या गावात माणसाच्या डोक्यावर पीककर्ज तेवढे नसते. कुणी घर बांधायला कर्ज काढलेले असते आणि त्याचा हप्ता ठरलेल्या तारखेला खात्यातून वळता होतो. बुडालेले उत्पन्न तेच, कर्जदारही तोच. तरी एका कर्जाला मुदत आणि दुसऱ्याला नोटीस. हे थांबले पाहिजे.

गावातले गृहकर्ज मुळातच पगारदाराच्या मापाने बेतलेले असते. कापूस विकल्यावर, उसाचे बिल निघाल्यावर ज्याच्या हातात पैसा येतो, त्याच्याकडून बारा महिने सारखा हप्ता मागितला जातो. कृषी सेवा केंद्र चालवणारा किंवा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा यांचीही उधारी शेतकऱ्याच्या हंगामावरच वसूल होते. त्यात व्याजदर बदलता. रेपो दर मे 2022 पर्यंत चार टक्के होता, तो फेब्रुवारी 2023 मध्ये साडेसहा टक्क्यांवर गेला. वीस वर्षांच्या मुदतीने सात टक्क्यांनी घेतलेल्या दहा लाखांच्या कर्जाचा हप्ता साधारण 7,753 रुपये येतो. दर साडेनऊ टक्के झाला की त्या दहा लाखांवर महिन्याचे नुसते व्याजच 7,917 रुपये होते. म्हणजे जुनाच हप्ता इमानेइतबारे भरणाऱ्याचे कर्ज कमी होण्याऐवजी वाढत जाते. या धोक्याची दखल घेऊनच रिझर्व्ह बँकेने 18 ऑगस्ट 2023 रोजी बँकांना बजावले, की व्याजदर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे करायचे, हा पर्याय कर्जदाराला द्या. हा पर्याय आपल्याला आहे हे कर्जदाराला शाखेत कुणीतरी समजावून सांगायला हवे.

उत्पन्नच बुडाले तर मात्र हा पर्याय पुरत नाही. तेव्हा काही महिने थांबणे आणि पुढचे हप्ते नव्याने बांधून देणे हाच उपाय उरतो, आणि नेमके तेच बँकेला नको असते. त्यामागे कारण आहे. एरवी अडचणीतल्या कर्जाचे पुनर्गठन केले, की ते खाते अनुत्पादक वर्गात जाते आणि बँकेला त्यापोटी जादा तरतूद करावी लागते. त्यामुळे शाखाधिकारी ‘वर विचारतो’ म्हणतो आणि महिने जातात. हप्ता नव्वद दिवसांपेक्षा जास्त थकला, की खाते आपोआप त्याच वर्गात पडते. न्यायालयाचा आधारही तोकडा आहे. तडजोडीने एकरकमी परतफेड हा कर्जदाराचा हक्क नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये बिजनौरच्या एका नागरी सहकारी बँकेच्या प्रकरणात स्पष्ट केले.

मग 2002 चा सरफेसी कायदा येतो. साठ दिवसांची नोटीस, त्यानंतर ताबा आणि लिलाव. या कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे, गावठाणातले घर नाही. स्वामित्व योजनेतून घरांच्या मालमत्तापत्रिका मिळू लागल्या, त्या कर्ज मिळणे सोपे व्हावे म्हणून. कर्ज सोपे झाले तसा लिलावही सोपा झाला, हे ध्यानात घेऊन संरक्षणाची सोय व्हायला हवी होती.

अशी सोय या भूमीला अनोळखी नाही. 1875 मध्ये सुप्याला सावकारांची खतपत्रे जळली, त्यानंतर इंग्रज सरकारने 1879 चा दख्खन शेतकरी कायदा केला आणि कर्जाचा हिशेब मुळापासून तपासून हप्ते बांधून देण्याचा अधिकार न्यायालयांना मिळाला. अमेरिकेत 2008 च्या संकटात लाखो घरे गेल्यावर, जानेवारी 2014 पासून असा नियम आला की हप्ते बदलून मागणारा पूर्ण अर्ज वेळेत आला असेल, तर तो निकाली निघेपर्यंत घर विकता येणार नाही. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने असा नियम केला पाहिजे.

तोवर हातातल्या तरतुदी तरी वापरा. नैसर्गिक आपत्तीबाबत रिझर्व्ह बँकेने दिलेल्या निर्देशांनुसार, शेतीखेरीज अन्य कर्जांचीही फेरआखणी करायची का, हे राज्यस्तरीय बँकर्स समिती ठरवू शकते. महाराष्ट्रात या समितीची निमंत्रक बँक ऑफ महाराष्ट्र आहे. अतिवृष्टीने बाधित तालुक्यांतल्या गृहकर्जांसाठी समितीने हा अधिकार वापरावा आणि जालन्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनी जिल्ह्याच्या बँक सल्लागार समितीतून तशी लेखी मागणी करावी. ताब्यासाठी सरफेसी कायद्याच्या कलम 14 खालचे अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे येतात. कुणाचे घर का जाते आहे, हे त्यांच्याइतके दुसऱ्या कुणाला दिसत नाही.

कर्जदारांनीही तोंडी विनवण्यांवर विसंबू नये. हप्ता चुकण्याच्या आधीच लेखी अर्ज द्या, पंचनाम्याची प्रत जोडा, पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. साठ दिवसांची नोटीस आलीच, तर आक्षेप लेखी नोंदवा. तो फेटाळायचा असेल तर बँकेला पंधरा दिवसांत कारणे द्यावीच लागतात. बँकेने ताब्याची कारवाई केल्यापासून पंचेचाळीस दिवसांत छत्रपती संभाजीनगरच्या कर्ज वसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. ही मुदत चुकवू नका.